पंढरपुरी निमालेला केरळी गवई
(देवनार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'दक्षिणेतला एखादा दरबारी गवई घ्या' असे मला व्याख्यानमालेच्या चालकांनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा म्हैसूर असावे. वाडियारांचा दरबार, दसरा, शालजोडी, सोन्याचे कडे. ते सगळे आज बाजूला ठेवतो. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते गवई केरळातले. त्रावणकोरच्या राजाने त्यांचा गौरव केला, त्यागराजांसमोर ते गायले असे परंपरा सांगते, आणि १८४३ साली ते आपल्या पंढरपुरात वारले. त्यांचे नाव षट्काल गोविंद मारार.

हे नाव किती जणांनी ऐकले आहे, असे एखाद्या पुण्याच्या सभागृहात मी खुशाल विचारले असते. देवनारमध्ये तो प्रश्न धोक्याचा. इकडे अणुशक्तीनगर, तिकडे चेंबूर, पलीकडे छेडानगरचे मुरुगन मंदिर. मागच्या रांगांत पालक्काड-तृश्शूरकडची मंडळी बसलेली दिसताहेत. ती मलाच शिकवतील. तेव्हा प्रश्न न विचारता सुरुवात करतो. आणि त्या मंडळींना आधीच सांगतो, की आज मी मारारांकडे मराठी बाजूने पाहणार आहे.

गोविंद मारार यांचा जन्म १७९८ सालचा, रामामंगलम या गावातला. आजच्या एर्नाकुलम जिल्ह्यात, मुवाट्टुपुळा नदीच्या काठी हे गाव आहे. मारार ही केरळातल्या देवळांशी बांधलेली वाद्यकारांची जात. पूजेच्या वेळी चेंडा आणि तिमिला वाजवणे, आणि गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी उभे राहून इडक्क्याच्या साथीने गाणे, हे त्यांचे पिढीजात काम. त्या गाण्याला सोपानसंगीत म्हणतात. इडक्का दिसायला मोठ्या डमरूसारखा. तो डाव्या खांद्याला अडकवायचा आणि बारीक काठीने वाजवायचा. दोऱ्या आवळल्या-सैल केल्या की त्यातून चढे-उतरे सूर निघतात. गाणे देवासाठी, ऐकणारा माणूस असला तर असला. केरळातल्या देवळांत जयदेवाच्या अष्टपद्या अशा गायल्या जातात.

या जातीला देवळात मान होता, पण तो सेवेकऱ्याचा मान. मैफलीत बसून राग मांडणे हे कावेरीकाठच्या भागवतरांचे काम मानले जाई. गोविंद मारारांनी हरिप्पाडच्या रामस्वामी भागवतरांकडे कर्नाटक संगीताची तालीम घेतली आणि ते देवळाच्या पायरीवरून मैफलीत आले. आज हे वाक्य सोपे वाटते. १८२० च्या आसपास एका तालवाद्यकाराच्या घरातल्या मुलाने गवई म्हणून उभे राहणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना आपल्याकडच्या गुरव-घडशी घराण्यांचा इतिहास माहीत असलेल्यांना चटकन येईल.

आता 'षट्काल' म्हणजे काय ते सांगतो, कारण ही पदवी नुसती शोभेची नाही. कर्नाटक मैफलीचा कस पल्लवीत लागतो. पल्लवी म्हणजे एकच ओळ. ती तालाच्या एका आवर्तनात बसवायची, शब्द तसेच ठेवून तिच्यात स्वरांचा विस्तार करायचा, आणि मग तीच ओळ दुप्पट लयीत, चौपट लयीत म्हणून दाखवायची, हाताने ताल मूळचाच धरून. बहुतेक गायक तीन काळ करतात. मारार सहा करीत. पहिल्यापासून प्रत्येक काळ आधीच्याच्या दुप्पट धरला, तर सहावा पहिल्याच्या ३२ पट होतो. पहिल्या काळात ज्या अवधीत ओळ एकदा पुरी व्हायची, त्या अवधीत ती शेवटी ३२ वेळा येणार, आणि तरीही शब्द ऐकू आले पाहिजेत.

लोक थक्क होतात ते सहाव्या काळाने. माझे मत उलटे आहे. खरी परीक्षा पहिल्या काळाची. पुढे ३२ पट जाता यावे म्हणून सुरुवात इतकी संथ ठेवावी लागते, की दोन मात्रांच्या मधली पोकळी माणसाला खायला उठते. अमीर खाँसाहेबांचा विलंबित ज्यांनी बसून ऐकला आहे त्यांना ही पोकळी म्हणजे काय ते सांगायला नको. ती सूर न हलवता भरून काढायची, हे जलद तानेपेक्षा फार अवघड.

आणि हे मारारांना कुठून आले? माझे उत्तर असे, की ते देवळातून आले, कर्नाटक संगीताच्या तालमीतून नव्हे. केरळात उत्सवाच्या वेळी जे पंचारी मेळम होते त्याची रचना पाहा. चेंड्यांचा, झांजांचा, शिंगांचा ताफा उभा असतो आणि पहिल्या काळात तालाचे आवर्तन ९६ मात्रांचे असते. मग ते ४८ वर येते, मग २४, मग १२, आणि शेवटी ६. पाच पायऱ्या, प्रत्येक वेळी निम्मे. हे काही तास चालते आणि हजारो माणसे हवेत हात हलवत त्याच्याबरोबर खाली उतरतात. जो मुलगा या गणितात वाढला, त्याच्या अंगातच दुप्पट-चौपट भिनलेली असणार. पाचाच्या पुढे सहावी पायरी उतरायची तर ९६ चे ३ होतात. पल्लवीतले सहा काळ आणि मेळमातले पाच यांचा थेट धागा मी कागदावर दाखवू शकणार नाही. पण ज्याने दोन्ही ऐकले आहे त्याला तो नाकारणेही जड जाईल.

त्यांच्या तंबोऱ्याबद्दलही सांगतात. आपला तंबोरा चार तारांचा. त्यांचा सात तारांचा होता, आणि त्याला छोटी पताका लावण्याचा मान त्यांना राजाकडून मिळाला होता. तंबोऱ्यावर पताका! आपल्याकडे निशाण असते ते दिंडीत आणि फौजेत. गवयाच्या वाद्याला निशाण देणारा तो राजा कोण होता, ते आता पाहू.

तो म्हणजे स्वाती तिरुनाळ. जन्म १८१३ चा. गादीला दुसरा वारस नव्हता, म्हणून जन्माआधीच राजा ठरलेला. लहानपणीच आई गेली, मावशीने कारभार पाहिला, आणि १८२९ मध्ये सोळाव्या वर्षी राज्य हाती आले. त्याच्या अंगात राज्यकारभारापेक्षा संगीत जास्त होते असे म्हणण्याची पद्धत आहे; ते पुरते खरे नाही. शाळा, वेधशाळा, न्यायखाते यांकडे त्याने लक्ष दिले होते. पण कंपनी सरकारचा रेसिडेंट डोक्यावर बसलेला. १८४० मध्ये कलन नावाचा रेसिडेंट आला आणि त्याने कारभारात इतका हात घातला की राजा हळूहळू आतल्या महालात सरकला. ज्याच्याकडून राज्य काढून घेतले जाते तो गाण्याकडे वळतो, ही आपल्याकडच्या कित्येक संस्थानांची कहाणी. तरीही संस्कृत, मलयाळम, तेलुगू, कन्नड आणि हिंदी भाषांत मिळून चारशेच्या आसपास रचना त्याच्या नावावर आहेत. त्यात हिंदीतल्या ध्रुपद, टप्पा, ख्याल अशा घाटाच्याही आहेत. तिरुवनंतपुरमच्या राजाने टप्पा रचावा, याचे आश्चर्य वाटत असेल तर त्याच्या भोवती कोण माणसे होती ते बघा.

राजाचा इंग्रजीचा शिक्षक सुब्बाराव, पुढे तोच दिवाण. हा तंजावरचा मराठी माणूस. तो स्वरबत नावाचे तंतुवाद्य वाजवी. आणि दुसरे, ज्यांना राजाने गुरूचा मान दिला, ते अनंतपद्मनाभ गोस्वामी ऊर्फ मेरुस्वामी. लोक त्यांना कोकिळकंठ मेरुस्वामी म्हणत. हेही तंजावरचे, मराठी, रामदासी परंपरेतले कीर्तनकार.

तंजावरची थोडी उजळणी करू. व्यंकोजीराजे भोसले, शिवरायांचे सावत्र बंधू, यांनी १६७५ च्या सुमारास ते राज्य घेतले आणि १८५५ पर्यंत ते भोसल्यांकडे राहिले. म्हणजे १८० वर्षे कावेरीच्या खोऱ्यात मराठी ही राजभाषांपैकी एक होती. समर्थांचे शिष्य भीमस्वामी तिकडे गेले, मठ उभे राहिले, मोडीत दफ्तर चालले. सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो तिथे आजही आहे. तुळजाजी पहिले यांनी स्वतः संगीतावर संस्कृत ग्रंथ लिहिला, त्याचे नाव 'संगीतसारामृत'. आणि ज्यांना कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती म्हणतात ते श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर, तिघेही याच भोसल्यांच्या राज्यात जन्मले. हे आपण फारसे सांगत नाही. कर्नाटक संगीत म्हटले की मराठी माणूस अजून 'ते त्यांचे' असे म्हणतो. त्यांचे तर आहेच. पण त्याचे जे सोन्याचे दिवस, त्या दिवसांत त्या मुलखाच्या गादीवर मराठी बोलणारा माणूस बसलेला होता.

मेरुस्वामींनी त्रावणकोरला काय नेले? नुसता गळा नव्हे. कथेचा बांध नेला. आपला कीर्तनकार गातो, सांगतो, अभिनय करतो, संस्कृत श्लोकावरून मराठी पदावर येतो, ओवी-साकी-दिंडीचे घाट बदलतो आणि श्रोत्याला एका आख्यानात चार तास बांधून ठेवतो. राजाला हे इतके भावले की त्याने या पद्धतीने गाण्यासाठी संस्कृतात दोन आख्याने रचली. एक अजामिळाचे, दुसरे कुचेलाचे. कुचेल म्हणजे आपला सुदामा. विचार करा, केरळचा राजा, संस्कृत भाषा, मराठी कीर्तनाचा बांध, आणि गाणारे रामदासी. सरकारी समित्या 'सांस्कृतिक आदानप्रदाना'चे ठराव करतात. इथे ते ठरावावाचून झाले होते.

याच दरबारात तंजावरहून आणखी एक माणूस आला होता. वडिवेलू. तंजावर बंधू म्हणून जे चार भाऊ भरतनाट्यमच्या इतिहासात अजरामर झाले, त्यांतला हा धाकटा. दीक्षितरांचा शिष्य. व्हायोलिन कर्नाटक मैफलीत रुळवण्यात त्याचा मोठा वाटा, आणि १८३४ मध्ये राजाने त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिले. राजाची मोठी इच्छा अशी की त्यागराजांनी एकदा तिरुवनंतपुरमला यावे. त्यागराज कोणत्याही दरबाराला बधत नव्हते. सरफोजींच्या बोलावण्यालाही त्यांनी नकार दिल्याची कथा आहे. तेव्हा त्यांचे मन वळवण्यासाठी वडिवेलूला त्यांच्या गावी, तिरुवैयारूला धाडण्यात आले, आणि त्याच्याबरोबर गोविंद मारार गेले, असे सांगतात.

पुढची गोष्ट दक्षिणेत प्रत्येक गाणाऱ्याला पाठ आहे. म्हातारे त्यागराज शिष्यांसह बसलेले. पाहुण्या केरळी गवयाला गाण्याची विनंती झाली. मारारांनी जयदेवाची अष्टपदी पंतुवराळी रागात घेतली आणि सहा काळांत म्हटली. त्यागराज इतके हेलावले की त्यांच्या शिष्यांनी तिथेच 'एंदरो महानुभावुलु' ही श्रीरागातली कृती गायली. या जगात केवढे थोर लोक होऊन गेले, त्या सगळ्यांना वंदन, असा तिचा आशय. त्यागराजांनी मारारांना 'गोविंदस्वामी' म्हटले, असेही सांगतात.

हे असेच घडले का? मला शंका आहे. 'एंदरो' ही त्यागराजांच्या 'पंचरत्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच कृतींतली मोठी, सावकाश विचार करून बांधलेली कृती. एका संध्याकाळच्या भारावण्यातून ती निघाली असे मानणे कठीण. ज्यांनी कथा नीट सांगितली आहे तेही म्हणतात की कृती आधीची, त्या दिवशी फक्त गायली गेली. पण कथा खोटी ठरवून आपण थांबलो तर तिच्यातले मोलाचे काही निसटते. दक्षिणेतल्या गाणाऱ्यांच्या पिढ्यांनी ही कथा का जपली? तिच्यात तीन गोष्टी एकदम घडतात. रचनाकार गायकाला नमस्कार करतो. वेदपाठी ब्राह्मण देवळातल्या वाद्यकाराला 'स्वामी' म्हणतो. आणि जो राजाचा निरोप घेऊन आला, त्याचे गाणे ऐकून राजाचा निरोप बाजूला पडतो. त्यागराज तिरुवनंतपुरमला गेले नाहीतच. चोखोबांच्या, कान्होपात्रेच्या कथा आपण ज्या कारणासाठी सांगतो, त्याच कारणासाठी ही कथा तिकडे टिकली.

आता दरबारी गवयाच्या आयुष्याकडे येतो, कारण विषय तोच आहे. दरबाराने गवयाला पोसले हे खरे. पण ते पोसणे काय होते ते नीट पाहिले पाहिजे. महिन्याचा तनखा, सणाला वस्त्र, लग्नकार्याला मदत. बदल्यात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दालनात गाणे. राजा रसिक असेल तर स्वर्ग. राजा बदलला की वरच्या मजल्यावरून थेट अंगणात. बडोद्याला कलावंत कारखाना होता. त्यात गवयी, बीनकार, पखवाजी सगळे नोकरीवर. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचे लग्न तंजावरच्या मुलीशी झाले तेव्हा तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकींचा ताफाही बडोद्याला आला आणि या कारखान्यात दाखल झाला. माणसे आंदण येत-जात होती, हे आपण उत्सवी स्वरात सांगतो. त्या बायकांना कुणी विचारले होते, असे मला वाटत नाही.

मेरुस्वामी आणि गोविंद मारार यांना शेजारी ठेवले की मला या नोकरीच्या दोन बाजू दिसतात. मेरुस्वामी परके म्हणून आले आणि दरबारात रुजले. राजाचा गुरू, राजाच्या रचनांचा पहिला गायक. ते आपल्या मठाची परंपरा घेऊन आले होते, त्यामुळे दरबार गेला तरी त्यांच्यापाशी रामदासी शिष्य-परंपरेचा आधार होता. मारार तिथलेच, मातीतले, तरी त्यांचा पाय दरबारात ठरला नाही. यात्रा करीत, देवळादेवळांत गात हिंडण्याकडे त्यांचा ओढा होता असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दरबाराने त्यांना पताका दिली; घर त्यांनी मागितले नसावे. जो माणूस पायरीवर उभा राहून देवापुढे गायला शिकला, त्याला राजापुढे बसून गाणे थोडे खालच्या पायरीचे वाटले असेल का? हा माझा तर्क आहे. पण त्यांच्या शेवटच्या प्रवासाचा अर्थ लावायला मला दुसरा तर्क सापडत नाही.

कारण तो प्रवास पंढरपूरचा होता. रामामंगलम ते पंढरपूर हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी ८०० किलोमीटरांच्या वर भरते. रेल्वे यायला अजून दहा वर्षे होती, तीही बोरीबंदर ते ठाणे एवढीच. मलयाळम बोलणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाने घाट, नद्या आणि तीन-चार भाषांचे मुलूख ओलांडत भीमेच्या काठी का यावे? काशी का नाही, रामेश्वर का नाही?

इथे आपल्याला पुरंदरदासांची आठवण करावी लागते. कर्नाटक संगीताचा कुठलाही विद्यार्थी, मग तो चेन्नईचा असो की चेंबूरचा, पहिल्या दिवशी जे गिरवतो ते मायामाळवगौळ रागातले स्वरपाठ. ते घालून दिले पुरंदरदासांनी, अशी परंपरा आहे. त्यानंतर येतात त्यांचीच छोटी गीते. पुरंदरदास सोळाव्या शतकातले, विजयनगरच्या काळचे, हरिदास संप्रदायातले, आणि त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी मुद्रा असते ती पुरंदर विठ्ठलाची. त्यांचा जन्म आपल्या पुरंदरगडाकडचा की शिवमोग्याकडचा, यावर कर्नाटकात वाद आहे आणि मी त्यात पडत नाही. पण मुद्दा ध्यानात घ्या. दक्षिणेतले मूल गाणे शिकताना ज्या देवाचे नाव अगदी सुरुवातीला ऐकते, तो विठ्ठल आहे. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले ते आपल्याला ठाऊक. तो तिथल्या गवयांचाही आहे हे आपण विसरतो. मारारांच्या दृष्टीने पंढरपूर म्हणजे परका मुलूख नव्हता. आपल्या विद्येच्या पहिल्या धड्यातल्या देवाचे ते गाव होते.

आणि कोणत्या पंढरपुरात ते आले? हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आजचे रूप देऊन फार वर्षे झाली नव्हती. फडांची परंपरा जोमात होती. वाळवंटात कीर्तने चालत, टाळ-मृदंग चाले. मृदंग ऐकून मारारांचे कान टवकारले नसतील तरच नवल. पण कल्पना करण्याच्या मोहात मी आणखी शिरत नाही. १८४३ साली पंढरपुरात त्यांचे देहावसान झाले, एवढे तिकडचे सगळे चरित्रकार एकमुखाने सांगतात.

पुढे तीन-साडेतीन वर्षांत या कथेतली बाकीची मोठी माणसेही गेली. स्वाती तिरुनाळ डिसेंबर १८४६ च्या अखेरीस, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. त्यागराज ६ जानेवारी १८४७ ला. दोघे कधी भेटले नाहीत, आणि साधारण दहा दिवसांच्या अंतराने गेले.

राजाच्या रचनांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्या हळूहळू विस्मरणात गेल्या. राजवाड्यात आणि देवळात थोड्या उरल्या. विसाव्या शतकात मुत्तय्या भागवतर आणि सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी त्या जमवल्या, काहींना नव्याने स्वर दिले, १९३९ मध्ये तिरुवनंतपुरमला संगीत अकादमी निघाली. पुढे वीणावादक एस. बालचंदर यांनी या साऱ्यावरच प्रश्नचिन्ह लावले आणि मोठा वाद झाला. मला तो वाद निष्फळ वाटत नाही. जुन्या संगीताला खरेखोटे विचारले पाहिजे, फक्त विचारताना आवाज जरा कमी असता तर बरे झाले असते. तिथल्या नवरात्र मंडपात आजही नऊ रात्री राजाच्याच नऊ कृती गायल्या जातात. तिथे स्त्रीला गायला बसण्याची मुभा मिळाली ती २००६ मध्ये, पारश्शाला पोन्नम्माळ यांना. शुद्ध परंपरेच्या नावाने आपण कशाकशाला दीडशे वर्षे थांबवून ठेवतो!

आणि मेरुस्वामींनी जी वाट पाडली ती बुजली नाही. १८६४ मध्ये मोरगावकरबुवा तंजावरला गेले, त्यांची कीर्तने तिथे गाजली, आणि ते ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. आजही तमिळनाडूतल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे घाट त्याच नावांनी म्हटले जातात, आणि हातात चिपळ्या असतात. तमिळ कथेत साकी! आपल्या नाटकांतून ती गेली, शाळेतून गेली. तिथे ती नांदते आहे.

उलट दिशेनेही माल येत राहिला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' आणि 'सौभद्रा'त कर्नाटकी चाली आहेत हे नाट्यसंगीताच्या चाहत्यांना सांगायला नको. भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, ७२ मेळांची मांडणी समजून घेतली, आणि त्यातूनच पुढे त्यांची दहा थाटांची व्यवस्था घडली. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूरला गाऊन आले आणि त्यागराजांची कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली. आमच्या याच मुंबईत जन्मलेल्या अरुणा साईराम कर्नाटक मैफलीत नामदेवांचा अभंग गातात आणि चेन्नईची सभा टाळ्यांनी ताल धरते. त्यांना ऐकणाऱ्यांना गोविंद मारार माहीत असतीलच असे नाही. पण १८४३ मध्ये जो रस्ता त्यांनी पायाखाली घातला, त्याच रस्त्यावरून हे गाणे येते-जाते.

मला विचारले जाईल, की ज्याच्या गळ्याचा एक सूर शिल्लक नाही, स्वतःची एक रचना ज्याच्या नावावर गाजत नाही, त्याचे एवढे कौतुक का? रचनाकार उरतो कारण कागद उरतो. राजा उरतो कारण महाल आणि नाणी उरतात. गायक त्याच्या शिष्यांत उरतो, आणि दरबाराच्या दफ्तरात त्याच्यावर झालेल्या खर्चाच्या आकड्यात उरतो. मारारांच्या बाबतीत तेही पुरेसे नाही; म्हणून लोकांनी त्यांना गोष्टीत ठेवले. रामामंगलमला त्यांच्या नावाने कलासंस्था आहे, संगीतोत्सव होतो. त्या गावाने आपले कर्तव्य केले. उरले ते आपले.

ते कर्तव्य मला काय वाटते, ते सांगून थांबतो. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. गाव, घराणे, कोण कधी आले, कुणाबरोबर आले, याच्या नोंदी त्यांत पिढ्यान्पिढ्या होत आल्या आहेत. त्यांतल्या जुन्या मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे दरवर्षी कमी होताहेत. शके १७६५ च्या आगेमागे मलबार-त्रावणकोरकडून आलेल्या यात्रेकरूंच्या नोंदी कुणी संगीताच्या अभ्यासकाने आणि मोडी जाणणाऱ्याने बरोबरीने बसून पाहिल्या पाहिजेत. एखादी ओळ सापडली तर कर्नाटक संगीताच्या इतिहासाला पंढरपूरहून गेलेला तो पहिला लेखी पुरावा ठरेल. या सभागृहात मोडी येणारी माणसे आहेत, पंढरपूरशी घरोबा असलेली वारकरी घराणी आहेत, आणि शेजारी चेंबूरच्या फाइन आर्ट्स सोसायटीत षट्काल म्हणजे काय ते गाऊन सांगू शकणारे गुरुजन आहेत. या तिघांनी एकदा एका टेबलाशी बसावे, आणि त्यासाठीचा पुढाकार या व्याख्यानमालेच्या चालकांनी घ्यावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.